सोमवारी बंद आहे

गोव्याच्या हाफ आयर्नमॅनचं वेळेचं गणित कागदावर अगदी सरळ आहे. १.९ किलोमीटर पोहायचं, ९० किलोमीटर सायकल मारायची, २१.१ किलोमीटर पळायचं. मैलांत बेरीज केली की ७०.३ भरते, म्हणून शर्यतीच्या नावात तो आकडा. पाण्यातून १ तास १० मिनिटांत बाहेर पडायचं, सुरुवातीपासून साडेपाच तासांच्या आत सायकल रॅकला लावायची आणि साडेआठ तासांच्या आत शेवटची कमान गाठायची. यातलं एक जरी चुकलं तरी नावापुढे डीएनएफ, म्हणजे 'डिड नॉट फिनिश', शर्यत अपुरी. मी सांगलीत दातांचा डॉक्टर आहे, वय सत्तेचाळीस. मी आठ तास धरले होते. म्हणजे अर्धा तास गाठीशी होता.

आमच्याकडे हे खूळ डॉक्टर लोकांनी आणलं असं म्हणतात, आणि ते खोटं नाही. आमच्या पहाटेच्या ग्रुपात दोन भूलतज्ज्ञ, एक हाडांचा डॉक्टर, एक हळदीचे अडते आणि कॉलेजचे एक प्राध्यापक. तासगाव रोडला सायकल, हरिपूरच्या रस्त्याला पळणं, रविवारी दंडोबाचा चढ. पोहायला मी लहानपणी कृष्णेतच शिकलो. आता नदीत मगरींच्या बातम्या इतक्या येतात की सराव टँकमध्ये. नदीतल्या माणसाला पाण्याची भीती नसते, पण समुद्राला लाटा असतात आणि पाणी खारट असतं, या दोन गोष्टी मिरामारला गेल्यावरच नीट कळतात. मांडवीच्या मुखाजवळचं पाणी, त्यामुळे गढूळ. आपलाच हात कोपरापुढे दिसत नाही. वाट दाखवणाऱ्या तरंगत्या बोया शोधायला दर आठ-दहा हातांनी डोकं वर काढायचं, तेवढ्यात एक लाट तोंडात. पण निघालो पंचावन्न मिनिटांत. एवढं वर्षभर ज्याला घाबरलो होतो ते सगळ्यात आधी आणि सगळ्यात नीट पार पडलं.

सायकलबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ती झाली. दर अर्ध्या तासाला एक जेल, मध्ये मध्ये मीठ घातलेलं पाणी. व्यवसायाने जो माणूस दिवसभर लोकांना 'गोड कमी खा, खाल्लं की चूळ भरा' सांगतो, तो चार तास साखरेचा चिकट पाक दातांवर फिरवत होता. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ३०२ खेळाडूंचे दात तपासले होते, त्यात निम्म्याहून जास्त जणांचे किडलेले निघाले. जगातली सगळ्यात तंदुरुस्त माणसं ती. मी जेल संपला की बाटलीतल्या साध्या पाण्याने चूळ भरून रस्त्याकडेला टाकत होतो. मागून येणाऱ्या एकाने त्याबद्दल मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पळायला सुरुवात केली तेव्हा घड्याळात चार तास पंचावन्न मिनिटं झाली होती. अगदी ठरल्याप्रमाणे. फक्त वर दुपारचे बारा वाजत आले होते.

सांगलीचं ऊन मला माहीत आहे. ते कोरडं असतं, टोपीखाली थोडं पाणी मारलं की निभतं. गोव्यातला ऑक्टोबर वेगळा. अंगावरून घाम नुसता गळत होता, बुटात साचून पावलागणिक पचपच वाजत होता, पण सुकत नव्हता. गळलेला घाम माणसाला गार करत नाही, सुकलेला करतो. हे मी पहिल्या वर्षाच्या फिजिऑलॉजीत शिकलोय, परीक्षेत लिहिलंय, मार्क मिळवलेत. घाम सुकत नाही म्हटल्यावर शरीर जास्तीचं रक्त कातडीकडे पाठवतं. मग पायांना कमी, पोटाला तर जवळजवळ नाहीच. हृदय ते भरून काढायला जोरात पळतं. आधी १५० च्या आसपास असलेले ठोके त्याच वेगाला, नव्हे त्याहून कमी वेगाला, १७० वर गेले. पोट बंद पडलं. नवव्या किलोमीटरला प्यायलेलं पाणी दहाव्याला जसंच्या तसं बाहेर आलं. दोना पावलाच्या बाजूने समुद्रावरून वारा येईल अशी आशा होती. आला, पण तोही गरम.

तिथून पुढे मी फक्त आकडेमोड करत होतो. एवढे किलोमीटर राहिले, एवढी मिनिटं आहेत, भागिले, दर किलोमीटरला इतकी. दोन खांब पळायचं, एक खांब चालायचं. पंधराव्या किलोमीटरला माझा हिशेब असा होता की सहा किलोमीटर आहेत आणि पंचावन्न मिनिटं. किलोमीटरला नऊ मिनिटं. जोरात चाललो आणि मध्ये थोडं पळालो तरी बसतंय. हे मी अजूनही छातीठोकपणे सांगतो. गणित बरोबर होतं.

पाण्याच्या टेबलापाशी थांबलो. बर्फाचे तुकडे ट्रायसूटच्या गळ्यातून आत टाकले. तिथे एक डॉक्टर मुलगी उभी होती, माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने माझ्याकडे पाहिलं आणि जवळ आली.

"काका, बरं वाटतंय ना?"

"एकदम."

"आज वार कुठला?"

आणि मी म्हणालो, "सोमवारी बंद आहे. मंगळवारी या."

मला त्या क्षणी खरंच वाटलं की ती अपॉइंटमेंट मागतेय. सोमवारी दवाखाना बंद ठेवायचा हे दोन महिन्यांपासून ठरलेलं, दारावर पाटी लावलेली. शर्यत रविवारी होती. ती हसली नाही. तिने मनगट धरून नाडी पाहिली, मान वळवून कुणाला तरी खूण केली आणि मला खुर्चीत बसवलं. दोन मिनिटांत मानेला, काखेत, जांघेत बर्फाचे ओले टॉवेल. उष्माघातात माणसाचं बोलणं भरकटलं की डॉक्टरला दुसरं फारसं काही पाहावं लागत नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. माझे आकडे बरोबर येत होते आणि वार चुकत होता, एवढंच. पुढे किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. थोड्या वेळाने तिने परत विचारलं, आता मी रविवार म्हणालो, आणि लगेच विचारलं, "आता जाऊ?"

"नाही काका. चिप काढते."

चिप म्हणजे स्पर्धकाची वेळ नोंदवणारा तुकडा, घोट्याला पट्ट्याने बांधलेला. पट्टा वेल्क्रोचा असतो. तो सोडताना आवाज होतो, चर्र असा. समुद्रात, सायकलवर, पळताना इतका वेळ तो तिथे आहे हे जाणवलं नव्हतं. निघाला तेव्हा खाली पांढरी सुरकुतलेली कातडी दिसली.

आता जे लिहितोय ते मी घरी कुणाला सांगितलेलं नाही. मला बरं वाटलं. बर्फामुळे नव्हे. कुणीतरी दुसऱ्याने ठरवलं याचं बरं वाटलं. मी स्वतः थांबलो नव्हतो, घड्याळानेही मला गाठलं नव्हतं, आणि तरीही आता उठायचं नव्हतं. आयुष्यात इतकी निखळ सुट्टी मला क्वचितच मिळाली असेल. ती मुलगी सहानुभूतीने बोलत होती, मी शक्य तितका पडलेला चेहरा करून ऐकत होतो.

मग आम्हाला न्यायला गाडी आली. शर्यतीतून उतरवलेल्यांना गोळा करणारी. आत तिघं होती. हुबळीची एक मुलगी, गुडघा धरून. कोल्हापूरकडचे एक निवृत्त सुभेदार, दोन्ही पोटऱ्यांना गोळे आलेले. आणि मुंबईचा एक सीए, त्याला काहीच झालेलं नव्हतं. सुभेदारांनी विचारलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "कंटाळा आला." गाडीत क्षणभर कुणी बोललं नाही, मग हुबळीची मुलगी जी हसत सुटली ती गुडघा धरूनच.

सुभेदारांच्या कमरेच्या पिशवीत फॉइलमध्ये उकडलेले बटाटे होते, मीठ लावलेले, घामाने कोमट झालेले. त्यांनी ते सगळ्यांना वाटले. "शर्यतीसाठी आणले होते, आता शर्यत नाही, पण बटाटे तर आहेत." ते एकाच बाजूने चावत होते. वरच्या डाव्या दाढेचा टवका उडालेला मला दिसला. मी सांगितलं, लवकर दाखवून घ्या, आत्ता कॅपवर निभेल. सीएने लगेच आपलाही दात दाखवायला तोंड उघडलं. गाडी मिरामारला पोचेपर्यंत माझी ओपीडी चालू होती.

सीएला या खेळाचा इतिहास तोंडपाठ. १९७८ साली हवाईत पहिल्यांदा हे प्रकरण झालं तेव्हा १५ जण उतरले होते आणि १२ जण पोचले. दुसरा आलेला म्हणे शेवटी पळताना पाणी संपल्यावर बिअर पिऊन पुढे गेला. त्याचं नाव लोक अजून सांगतात. "उरलेले तिघं कोण ते सांगा," तो म्हणाला. आम्हाला येत नव्हतं. त्यालाही येत नव्हतं.

बायको कमानीजवळ फोन घेऊन उभी. ॲपवर प्रत्येक स्पर्धकाचा ठिपका सरकताना दिसतो. मला पाहिल्यावर आधी तिने चेहरा पाहिला, मग हात लावून अंग गार आहे का ते पाहिलं, आणि मग म्हणाली, "अहो, तुमचा ठिपका हलेचना. मला वाटलं चिप पडली कुठेतरी." मी म्हटलं, चिप नाही पडली. बास, तेवढंच बोलणं झालं. दिवसभर उन्हात उभी राहून तिचंही डोकं दुखत होतं, ते मला रात्री कळलं.

वाईट वाटलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. लॉजवर नाश्त्याला उतरलो तर निम्मी माणसं गळ्यात मेडल घालून पोहे खात होती. काल झालेल्या शर्यतीचं मेडल आज पोह्यांना कशाला लागतं, हे मला अजून समजलेलं नाही. आमच्या ग्रुपमधले हळदीचे अडते पूर्ण करून आले होते, आठ तास एकवीस मिनिटं, साठीला टेकलेला माणूस. त्यांनी मात्र ते खिशात ठेवलं होतं, आणि माझ्या समोर बसल्यावर फक्त हळदीच्या भावाबद्दल बोलले. त्यामुळे जास्तच लागलं.

परत येताना चोर्ला घाट चढून बेळगावला लागलो, पुढे हायवे. संकेश्वरच्या आसपास माझी नजर गाडीच्या किलोमीटरच्या आकड्यावर गेली आणि मी सहा किलोमीटर मोजले. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. एक पूल, एक पेट्रोल पंप, उसाची शेतं, संपलं. बायकोने विचारलं, काय झालं. काही नाही म्हटलं. आदल्या दिवशीचा तो सुटल्याचा आनंद कुठे गेला होता कुणास ठाऊक. तिला, त्या डॉक्टर मुलीला, मी शिव्याही देऊ शकत नव्हतो, कारण तिचं बरोबर होतं.

फोन तोपर्यंत भरला होता. कमळं, उगवते सूर्य, 'प्रयत्न महत्त्वाचा', 'हरलास कुठे, शिकलास'. लोक चांगल्या मनाने पाठवतात, मान्य. पण मी काही शिकलो नव्हतो. घाम सुकला नाही तर काय होतं ते मला आधीच येत होतं. भूलतज्ज्ञांपैकी एकाने मात्र एवढंच विचारलं, लघवीचा रंग कसा आहे. त्याला मी लगेच उत्तर दिलं.

मंगळवारी दवाखाना उघडला. या धंद्याचा एक फायदा त्या दिवशी पहिल्यांदा जाणवला. पेशंट खुर्चीत बसायच्या आधी 'डॉक्टर, काय झालं तुमच्या शर्यतीचं?' विचारतो, मी 'राहिली' म्हणतो आणि त्याच्या तोंडात आरसा घालतो. त्यापुढे त्याला सांत्वन करता येत नाही.

फक्त कवळीच्या मापाला आलेल्या आजोबांपुढे इलाज चालला नाही, कारण त्यांना बोलायला दातच लागत नाहीत.

"मग पैसे परत दिले का वो त्यांनी?"

"नाही आजोबा. देत नाहीत."

"किती होते?"

मी आकडा सांगितला. ते खुर्चीत उठून बसले.

"तेवढ्यात माझी कवळी झाली असती की! वरची आणि खालची दोन्ही!"

मी हिशेब केला. झाली असती, आणि वर थोडे उरलेही असते.