फिजीत बेट घ्यायचंय? आधी ओहोटी बघा

दलाल बेट दाखवतो ते भरतीला. तुम्ही अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पूर्ण ओहोटीला जा. प्रवाळाचा खडक उघडा पडला की होडी किनाऱ्याला लागतच नाही. मग एकतर लांब जेट्टी, नाहीतर सिमेंटची पोती डोक्यावर.

कागदांत पहिला प्रश्न: जमीन फ्रीहोल्ड, म्हणजे कायमच्या मालकीची आहे का? फिजीतली ८५ टक्क्यांहून जास्त जमीन मूळ रहिवाशांच्या कुळांची. ती विकत मिळत नाही, भाडेपट्ट्याने मिळते. तेव्हा पट्ट्याची किती वर्षं उरलीत ते बघा. भरतीरेषेखालचा किनारा सरकारी, त्यामुळे ‘खासगी बीच’ निव्वळ जाहिरातीतला.

पाणी छपरावरून येणार: १०० चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० लिटर, त्यात थोडी गळती धरा. विहिरीवर विसंबू नका. छोट्या बेटावर गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. पंप जोरात चालवला की खालचं खारं वर चढतं आणि विहीर नासते.

छप्पर नुसतं खिळ्यांवर नको, पायापर्यंत धातूच्या पट्ट्यांनी बांधलेलं हवं. २०१६ला फिजीवर आदळलेलं विन्स्टन चक्रीवादळ आठवा.

भारतातून पैसे पाठवायची मर्यादा माणशी आर्थिक वर्षाला २,५०,००० अमेरिकी डॉलर. हप्ते त्या हिशेबाने ठरवा.