'मदरबोर्ड गेलाय' म्हणजे नेमकं काय गेलंय? माझा अनुभव

"मदरबोर्ड गेलाय मॅम, बदलावा लागेल." मदरबोर्ड म्हणजे लॅपटॉपमधला मुख्य सर्किट बोर्ड. बंद पडलेला लॅपटॉप घेऊन गेलेल्या बहुतेकांना हे वाक्य ऐकायला मिळतं. मलाही मिळालं. त्यानंतर जे झालं त्याचा राग अजून उतरलेला नाही. राग खर्चाच्या आकड्याचा नाही. कुणी मल्टिमीटर (वीज आणि रेझिस्टन्स मोजणारा मीटर) लावला का, लावला तर कुठे लावला आणि काय दिसलं, एवढंच मी विचारत होते आणि तेच कुणी सांगत नव्हतं, त्याचा आहे.

लॅपटॉप मुलीचा. ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, प्रोजेक्टचं सगळं काम त्यात. वॉरंटी संपलेली. रात्री व्यवस्थित बंद केला होता, सकाळी बटण दाबलं तर दिवा नाही, पंखा नाही, काहीच नाही. अडॅप्टर नुसता भिंतीच्या प्लगला लावला की त्याच्यावरचा दिवा लागायचा, पण पिन लॅपटॉपमध्ये घातली की विझायचा. पिन काढून थोडं थांबलं की पुन्हा लागायचा. हे लक्षण घरच्या घरी कुणालाही तपासता येतं, त्याला काही उघडावं लागत नाही. अर्थ असा, की बोर्डावर कुठेतरी वीज काम न करता सरळ ग्राउंडला जाते आहे आणि अडॅप्टर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो आहे. म्हणजे शॉर्ट. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि पुढे बँकेत लागले. सोल्डरिंग आयर्न सुटून बरीच वर्षं झाली, पण एवढं विसरत नाही माणूस.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेला. काउंटरवरच्या मुलाला मी हे लक्षण शब्दशः सांगितलं आणि जॉबशीटवर, म्हणजे मशीन जमा करतानाच्या नोंदीच्या कागदावर, लिहायला सांगितलं. त्यानं 'डेड' लिहिलं. "एवढंच पुरतं मॅम." तपासणी शुल्क आगाऊ भरलं.

इथे मध्येच सांगते, कारण नंतर राहून जाईल: लॅपटॉप कुठेही देताना एसएसडी, म्हणजे ज्यात सगळ्या फाइल असतात तो भाग, काढून घ्या. बहुतेक मॉडेलमध्ये मागचं झाकण उघडलं की एका स्क्रूवर बसलेली ती लहान पट्टी असते. काही पातळ मॉडेलमध्ये मात्र ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे इलाज नाही. मी काढून घेतली होती, म्हणून पुढच्या सगळ्या रखडपट्टीत मुलीचं काम अडलं नाही. यूएसबीच्या एन्क्लोजरमध्ये (यूएसबीनं जोडता येणाऱ्या डबीत) घालून दुसऱ्या मशीनवर उघडली.

मग वाट बघणं सुरू झालं. फोन केला की "इंजिनिअर बघतायत." पुन्हा केला की "रिपोर्ट आला नाही." शेवटी त्यांचाच फोन आला: लिक्विड डॅमेज आहे, मदरबोर्ड बदलावा लागेल, खर्च तीस हजारांच्या वर आणि त्यावर जीएसटी. जुना बोर्ड परत मिळणार नाही.

लिक्विड? या लॅपटॉपवर पाण्याचा थेंब सांडलेला नाही. मी फोटो मागितला. आलेल्या फोटोत एका जॅकच्या पायांभोवती पांढरट पापुद्रा होता. सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो फ्लक्स वाळला की असाच पांढरा राहतो, नव्या कोऱ्या बोर्डावरही दिसतो. पाणी गेलेल्या बोर्डावर हिरवट-निळसर बुरशीसारखा थर चढतो, आयसीचे, म्हणजे चिपचे, पाय काळे पडतात, कनेक्टरच्या पिना गंजतात. त्या फोटोत यातलं काहीही नव्हतं. मी सेंटरला जाऊन विचारलं, "कोणती लाइन शॉर्ट आहे?" लाइन म्हणजे बोर्डावरची वीज जाण्याची वाट. उत्तर मिळालं, "आम्ही बोर्ड लेव्हलला काम करतो मॅम, पार्ट लेव्हलला नाही."

हे मला मान्य आहे. अख्खा बोर्ड काढायचा, अख्खा बसवायचा, अशीच त्यांची पद्धत असेल, तर त्यात काउंटरवरच्या मुलाचा दोष नाही. पण पार्ट बघितलाच नसेल तर कारण कसं लिहिता? 'बोर्ड चालत नाही, कारण तपासलेलं नाही' असं लिहा. 'लिक्विड डॅमेज' या शब्दांचा सरळ अर्थ होतो की चूक ग्राहकाची.

मी दुरुस्ती नको म्हणून कळवलं, मशीन आहे तसं परत द्या म्हटलं. सगळं अडलं ते इथे.

सिस्टीममध्ये एस्टिमेट 'रिजेक्ट' झाल्याशिवाय कॉल (तक्रारीची नोंद) क्लोज होत नाही, कॉल क्लोज झाल्याशिवाय मशीन बाहेर जात नाही आणि रिजेक्ट करण्याचा अधिकार या सेंटरला नाही, तो वरून होतो. वरून म्हणजे कुठून, हे कुणाला सांगता येईना. मेल केला की आपोआप येणारं उत्तर यायचं. काउंटरवर गेलं की टोकन घ्या, बसा, नंबर आल्यावर तोच मुलगा तोच स्क्रीन बघून तेच सांगणार. मशीन आतल्या रॅकवर, माझ्या पावतीच्या नंबरासकट डोळ्यांना दिसत होतं.

अखेर क्लोज झाला, तर एक छापील कागद समोर आला. त्यावर मजकूर: 'ग्राहकाने दुरुस्ती नाकारली. उपकरण लिक्विड डॅमेज स्थितीत परत दिले. ग्राहकास मान्य.' खाली माझी सही हवी. मी म्हटलं, मधलं वाक्य मला मान्य नाही, तिथे माझा शेरा लिहून सही करते. "सिस्टीमच्या प्रिंटवर पेनानं लिहिता येत नाही मॅम." का येत नाही? मी स्वतः काउंटरच्या पलीकडे बसते. ग्राहकाला एखादी नोंद मान्य नसेल तर तो हरकत लिहून सही करतो, आम्ही ती प्रत फाइलला लावतो. त्यानं कुठलीही सिस्टीम कोसळत नाही. मॅनेजरला बोलवा म्हटलं, मॅनेजर बाहेर. मशीन न घेता परत आले. ते वाक्य खरं नव्हतं आणि त्याखाली माझं नाव मी घालणार नव्हते.

त्यानंतर १९१५ ला फोन केला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. जॉबशीटचा नंबर, तारखा, नेमकी तक्रार सांगितली, डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, मिळाला. तो नंबर घालून सेंटरला आणि कंपनीच्या तक्रार विभागाला एकच मेल केला, चार ओळींचा. सोबत त्यांनीच पाठवलेला फोटो आणि जॉबशीट. भाषा साधी ठेवा, रागाची विशेषणं काढून टाका, काय हवं ते एका वाक्यात लिहा. मी लिहिलं होतं: 'उपकरण आहे त्या स्थितीत, माझ्या लेखी हरकतीसह परत द्यावे.' पुढच्या वेळी गेले तेव्हा त्याच प्रिंटवर त्याच पेनानं 'हरकतीसह स्वीकारले, लिक्विड डॅमेज अमान्य' लिहिता आलं. दोन्ही प्रतींवर लिहिलं, त्यांचा शिक्का घेतला. बाहेर पडताना हात थरथरत होते, पण मान ताठ होती.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती, सुट्या भागांची माहिती, सर्व्हिस सेंटरचे पत्ते तिथे द्यावेत ही कल्पना. कल्पना चांगलीच आहे. पण माझ्यासारखीला हवा असतो तो बोर्डाचा स्कीमॅटिक, कोणती लाइन कुठून कुठे जाते तो नकाशा. गल्लीतल्या कारागिरांना तो आजही इकडून तिकडून मिळवावा लागतो.

तर गल्ली. पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्ली आणि आजूबाजूला इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत, चिप लेव्हल, म्हणजे बोर्डावरचा एकेक पार्ट बदलून, दुरुस्ती करणारेही आहेत. पहिल्या दुकानात झाकण न उघडताच "रीबॉलिंग करावं लागेल" असं ऐकलं आणि मी पॅकेट उचलून निघाले. रीबॉलिंग म्हणजे मोठी चिप बोर्डावरून उचलून तिच्याखालचे सोल्डरचे बारीक मणी नव्यानं बसवणं. ते खरोखर लागतं तेव्हा लागतं. पण पुष्कळ ठिकाणी रीबॉलिंगच्या नावाखाली चिपवर नुसता गरम हवेचा ब्लोअर धरतात. शिशाशिवायचं सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळायला लागतं, तेवढी उष्णता चिपनं खाल्ली की कधीकधी ती काही आठवडे चालते आणि पुन्हा मरते. शिवाय माझं लक्षण शॉर्टचं होतं, त्यात चिप तापवून काय साधणार? म्हणून दुकानात शिरल्यावर आधी सांगा: मोजल्याशिवाय ब्लोअर लावायचा नाही.

दुसऱ्या दुकानातल्या दादांनी लक्षण ऐकलं आणि म्हणाले, "मेन लाइन शॉर्ट दिसतेय ताई. बघूया." मी डिप्लोमाचं सांगितलं, तर मीटर माझ्याकडे सरकवला. "धरा तुम्हीच."

आधी बॅटरीचा कनेक्टर काढला. हे फार महत्त्वाचं, बॅटरी लागलेली असताना बोर्डाला हात लावायचा नाही. मीटरचा काळा प्रोब (टोक) स्क्रूच्या भोकाच्या कडेला, म्हणजे ग्राउंडला. लाल प्रोब अडॅप्टरच्या जॅकवर: तिथे सगळं ठीक. जॅकच्या पुढे दोन मोसफेट असतात, दरवाजासारखं काम करणारे. ते ओलांडून पलीकडच्या १९ व्होल्टच्या मुख्य लाइनवर लाल प्रोब टेकवला आणि ०.४ ओहम. निरोगी बोर्डावर इथे हजारांच्या, लाखांच्या घरातला आकडा येतो. इतके दिवस जो प्रश्न मी विचारत होते त्याचं उत्तर हे होतं, आणि ते मिळायला चहा येईपर्यंतचाही वेळ लागला नाही.

शॉर्ट आहे हे कळणं सोपं, कुठला पार्ट शॉर्ट आहे हे शोधणं अवघड. या एका लाइनवर सीपीयूचा (प्रोसेसरचा) सेक्शन, चार्जिंगचा, ३ आणि ५ व्होल्टचा, सगळे लटकलेले असतात, आणि प्रत्येकाजवळ तांदळाच्या कणीएवढे सिरॅमिक कपॅसिटर, थोडी वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणारे. सगळे समांतर. सोसायटीच्या एकाच पाइपवरचा एक नळ फुटला की सगळ्याच नळांचा दाब जातो, तसं मीटर प्रत्येक कपॅसिटरवर तोच ०.४ दाखवतो.

दादांनी आधी प्रत्येक सेक्शनची कॉइल, म्हणजे तारेची गुंडाळी, मोजायला लावली. सीपीयूच्या कॉइलवर एक-दोन ओहमच आले आणि मी थबकले. ते म्हणाले, "तो प्रोसेसरचा स्वतःचा रेझिस्टन्स आहे, तिथे कमीच येतो. त्याला शॉर्ट समजून चांगले बोर्ड भंगारात जातात." हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं.

मग डीसी पॉवर सप्लाय. व्होल्टेज फक्त १ वर ठेवलं. १९ का नाही? सीपीयूजवळचा एखादा मोसफेट आरपार शॉर्ट असेल तर दिलेलं व्होल्टेज सरळ प्रोसेसरमध्ये जातं, आणि प्रोसेसर चालतो साधारण १ व्होल्टवर. तेवढंच दिलं तर तो वाचतो. काटा अडीच अँपिअरकडे गेला, म्हणजे १ भागिले ०.४, हिशेब चोख जुळला. बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतलं, ते उष्णतेनं लगेच उडून जातं. सगळीकडे ओलं चकाकत होतं आणि सीपीयूच्या वरच्या बाजूला, स्क्रूच्या भोकाजवळ, एक ठिपका बघता बघता कोरडा झाला. तिथला कपॅसिटर तापत होता. बोर्ड किंचित वाकला की स्क्रूजवळच्या सिरॅमिक कपॅसिटरला आतून बारीक तडा जातो आणि त्याचे थर एकमेकांना चिकटतात. बाहेरून काहीही दिसत नाही. पाण्याचा यात काही संबंध नाही.

फ्लक्स लावून, ब्लोअरनं तेवढाच उचलला. मी पुन्हा मीटर लावला. आकडा चढत चढत किलोओहममध्ये गेला आणि मी दुकानात मोठ्यानं हसले. एका जुन्या बोर्डावरून तसाच १० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा काढून त्यांनी बसवला. व्होल्टेजचं रेटिंग कमी चालत नाही, कुणी "चालतंय हो" म्हणालं तरी ऐकू नका. अडॅप्टर लावला, दिवा तसाच राहिला. ३ आणि ५ व्होल्ट मोजले, मग बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीनवर लोगो आला.

त्यांनी अडीच हजार घेतले. मला ते अजिबात जास्त वाटले नाहीत. त्या पैशात कपॅसिटर नाही, कुठे बघायचं हे ठाऊक असणं विकत घेतलं. काढलेला कपॅसिटर मी मागून घेतला आणि बिलावर 'मुख्य १९ व्होल्ट लाइन शॉर्ट, सीपीयू सेक्शनचा सिरॅमिक कपॅसिटर बदलला' असं लिहून घेतलं. बिलाची प्रत आणि कपॅसिटरचा फोटो सर्व्हिस सेंटरला पाठवला आहे: नोंदीतून 'लिक्विड डॅमेज' काढा आणि तपासणी शुल्क परत करा, कारण तपासणी झालेलीच नाही. पोच आली आहे, उत्तर नाही. मी सोडणार नाही.

शुल्क भरताना आपण एक विचारू शकतो, मीही यापुढे विचारणार आहे: कोणती लाइन मोजली आणि किती ओहम आले, हे जॉबशीटवर लिहून देणार का? नाही म्हणाले तर तिथेच ठरवता येतं.

एक राहिलं. बोर्ड बदलायचाच ठरवलात तर त्याआधी बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा. बोर्डाबरोबर त्यावरचा टीपीएमही, म्हणजे त्या कुलपाची किल्ली जपणारी चिपही, बदलतो, आणि मग विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ऑफिसच्या आयटी विभागाकडे. मशीन देण्याआधीच शोधून कागदावर लिहून ठेवा.