वरणाचा डाग

दुपारी वरणभात कालवताना एखादा थेंब पांढऱ्या सदऱ्यावर उडतोच. पिवळ्या डागाचं कुणाला फारसं वाटत नाही. पण धुवायला घेऊन साबणाची वडी घासली की तो लालबुंद होतो, आणि मग घरभर बोंब : डाग वाढला!

वाढलेला नसतो. वडीचा साबण आम्लारिधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा; सामू (pH) साधारण 9 ते 10. हळदीतलं कर्क्युमिन हे रंगद्रव्य 8च्या आसपास लाल व्हायला लागतं. त्यावर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा. परत साबण, परत लाल.

‘रासायनिक बदल उलटवता येत नाही’ असं लिहून गुण मिळवलेल्यांची इथे पंचाईत. आम्लारी कर्क्युमिनच्या रेणूतला प्रोटॉन काढून घेते, आम्ल तो परत देतं. रंग दहादा फिरला तरी बदल रासायनिकच. खूण एवढीच, की पदार्थ निराळा झाला का.

रासायनिक बदलाची खूण म्हणून बुडबुड्यांवरही भरवसा ठेवू नये. पातेल्यात उकळणारं पाणी वाफ झालं तरी पाणीच. ढोकळ्याच्या पिठात सोड्यावर लिंबू पडलं की फसफसतो तो कार्बन डायऑक्साइड. गेलेला सोडा परत मिळत नाही. म्हणून आधी ढोकळपात्रातलं पाणी उकळून घ्यायचं, मग सोडा घालायचा आणि पीठ लगेच आत ठेवायचं. ताटाला तेल लावायची आठवण सोडा घातल्यावर झाली, तर तेवढ्यात वायू निसटतो आणि ढोकळा चपटा बसतो. दोष मात्र बेसनाला.

हळदीत चुना कालवला की येणारा लाल लिंबाने उतरतो. टाकणखार (बोरॅक्स) आणि लिंबू मिळून आलेला, वाळल्यावर दिसणारा लाल मात्र उतरत नाही, कारण तिथे कर्क्युमिनला टाकणखारातला बोरॉन चिकटलेला असतो. डोळ्यांना दोन्ही लालच.

राहिला सदरा. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. त्यामुळे फोडणीचा डाग नुसत्या पाण्याने हलत नाही. भांड्यांचा पातळ साबण लावून दहा मिनिटं ठेवायचा, थंड पाण्याने खळबळायचं, इस्त्री न फिरवता ओलाच कडक उन्हात टाकायचा. ऊन कर्क्युमिनचा रेणूच मोडतं. मग साबण लावा की लिंबू, रंग परतत नाही. एका उन्हात नाही गेला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ओला करून टाकायचा.

सदरा रंगीत असेल तर मात्र आधी डाग उडेल की सदरा, सांगता येत नाही.