रक्त दोन दिवसांत भरतं, लोह सहा महिन्यांत

रक्तदान झालं की कार्डावर पुढची तारीख लिहून मिळते. अनेक नियमित रक्तदाते ती तारीख हप्ता भरल्यासारखी पाळतात, आणि हिशेब तिथेच चुकतो. त्या तारखेचा अर्थ ‘याच्या आधी येऊ नका’ एवढाच असतो. त्या दिवशी शरीर पुन्हा तयार झालेलं असेल, याची हमी त्यात नसते. म्हणूनच ही मुदत सगळीकडे सारखी नाही. काही देशांत किमान ५६ दिवसांचं अंतर चालतं, काही ठिकाणी पुरुषांना तीन महिने आणि स्त्रियांना चार महिने थांबावं लागतं.

एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतात. ते एका गतीने भरून येत नाही. द्रवाचा भाग, म्हणजे प्लाझ्मा, एक-दोन दिवसांत पूर्ववत होतो. म्हणून दुसऱ्या दिवशी माणूस ठणठणीत असतो. तांबड्या पेशींना चार ते आठ आठवडे लागतात. सगळ्यात मागे राहतं ते लोह.

आकडेमोड सोपी आहे. हिमोग्लोबिन १४ असेल, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १४ ग्रॅम, तर ४५० मिलिलिटर रक्तात ६३ ग्रॅम हिमोग्लोबिन असतं. एका ग्रॅममध्ये साधारण ३.४ मिलिग्रॅम लोह, म्हणजे एका पिशवीबरोबर सुमारे २१४ मिलिग्रॅम लोह गेलं. आहारातून शरीर एरवी रोज एक-दोन मिलिग्रॅमच शोषतं. साठा कमी झाला की शोषण थोडं वाढतं, पण त्यातलं एखादं मिलिग्रॅम रोजच्या झिजेतच जातं. पुरुषाच्या शरीरातला राखीव साठा हजार मिलिग्रॅमपर्यंत असू शकतो. पाळी येणाऱ्या स्त्रियांमध्ये तो तीनशेच्या आसपास असतो, कित्येकींमध्ये त्याहूनही कमी. म्हणजे एकच पिशवी एखादीचा जवळजवळ सगळा साठा घेऊन जाते. वर्षाला चार वेळा रक्त देणाऱ्याला फक्त बरोबरीत राहायला रोज सव्वादोन मिलिग्रॅमहून अधिक लोह जास्तीचं शोषावं लागेल. नुसत्या जेवणातून हे फार थोड्यांना जमतं.

रक्तदानाआधी होणारी हिमोग्लोबिनची तपासणी ही तूट दाखवत नाही. शरीर आधी राखीव साठा उपसतं आणि तो संपल्यावरच हिमोग्लोबिन उतरतं. हिमोग्लोबिन १३ आणि साठा जवळपास शून्य, अशी स्थिती वारंवार रक्त देणाऱ्यांमध्ये मुळीच दुर्मीळ नाही. साठा कळतो रक्तातल्या फेरिटिनवरून, म्हणजे लोह साठवणाऱ्या प्रथिनावरून. ते मिलिलिटरमागे १२ नॅनोग्रॅमच्या खाली गेलं तर साठा संपला असं समजतात. रक्तदात्यांच्या बाबतीत मात्र २६ च्या खाली गेल्याबरोबर सावध व्हावं. ताप, संसर्ग किंवा सूज असताना फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं, म्हणून आजारपणात ही तपासणी करून काही हाती लागत नाही. थकवा, जिना चढताना धाप, झोपताना पायांची अस्वस्थ चुळबुळ आणि बर्फ चघळण्याची विचित्र ओढ ही लोह कमी पडल्याची लक्षणं आहेत. शेवटच्या लक्षणाकडे सहसा लक्ष जात नाही, पण ते बरंच नेमकं आहे.

अमेरिकेतल्या रक्तदात्यांवर झालेली एक चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. सुरुवातीलाच फेरिटिन कमी असलेल्यांपैकी ज्यांनी रोज ३७.५ मिलिग्रॅम लोह घेतलं, त्यांच्या हिमोग्लोबिनची घट बहुतांशी भरून यायला साधारण ३२ दिवस लागले. गोळी न घेणाऱ्यांना १५८. म्हणून वर्षातून तीनदा-चारदा रक्त देणाऱ्याने वर्षातून एकदा फेरिटिन तपासावं आणि गोळीबद्दल डॉक्टरांना विचारावं. आपल्या मनाने वर्षानुवर्षं घेत राहू नये, कारण काहींच्या शरीरात लोह आनुवंशिक कारणाने आधीच साचत असतं. वेष्टनावरचा आकडा नीट वाचा. ३२५ मिलिग्रॅम फेरस सल्फेटच्या गोळीत प्रत्यक्ष लोह फक्त ६५ मिलिग्रॅम असतं. गोळी चहा-कॉफी किंवा कॅल्शियमबरोबर घेतली की शोषण घटतं, क जीवनसत्त्वाने वाढतं. एक डोस पोटात गेला की हेप्सिडिन नावाचं संप्रेरक दिवसभर शोषणाला आवर घालतं. त्यामुळे पोटाला त्रास होत असेल तर एक दिवसाआड घेतलेली गोळीही चांगली लागू पडते. शौच काळी होते, घाबरू नका.

आता प्रत्यक्ष दिवसाबद्दल. उपाशी जाऊ नये, रात्री झोप पुरी झालेली असावी, आणि रक्त देण्याआधी अर्ध्या तासाच्या आत अर्धा लिटर पाणी प्यावं. हा साधा उपाय भोवळ येण्याचं प्रमाण खरोखर कमी करतो. हात थंड असतील तर बोट टोचण्याआधी ते चोळून गरम करा. रक्त नीट येत नाही म्हणून बोट पिळलं तर ऊतींमधला द्रव थेंबात मिसळतो आणि हिमोग्लोबिन खोटं कमी दिसतं. १२.५ ची अट असताना १२.४ आलं म्हणून परत जाणाऱ्यांपैकी काहींची अडचण नुसती थंड बोटांची असते. काही ठिकाणी अजूनही मोरचुदाच्या निळ्या द्रावणात थेंब सोडतात. द्रावणाची सापेक्ष घनता १.०५३ असते, आणि थेंब पंधरा सेकंदांत बुडाला तर हिमोग्लोबिन पुरेसं आहे असं मानतात. ही चाळणी आहे, मोजमाप नव्हे.

सुई १६ किंवा १७ गेजची असते, म्हणजे तपासणीसाठी रक्त काढतात त्या सुईपेक्षा बरीच जाड. बारीक सुईतून रक्त हळू येतं आणि गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून ही जाडी. पहिलं २०-३० मिलिलिटर रक्त अनेक ठिकाणी वेगळ्या छोट्या पिशवीत वळवतात. सुई शिरताना कातडीचा बारीक तुकडा आणि त्यावरचे जंतू आत येऊ शकतात, ते मुख्य पिशवीत जाऊ नयेत म्हणून. तपासणीचे नमुने त्यातूनच भरतात. मुख्य पिशवीत रक्त गोठू न देणारं द्रावण आधीच असतं आणि ती सतत हलवली जाते. पिशवी साधारण पाच ते दहा मिनिटांत भरते. पंधरा मिनिटांच्या वर गेली तर त्या रक्तातून प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या सूक्ष्म पेशी) सहसा वेगळ्या करत नाहीत, कारण रेंगाळणाऱ्या रक्तात गोठण्याची क्रिया सुरू झालेली असू शकते. प्रवाह मंदावला की बहुतेक वेळा कारण किरकोळ असतं: पाणी कमी प्यायलेलं, दंडावरचा पट्टा सैल किंवा सुईचं टोक शिरेच्या भिंतीला टेकलेलं.

दोन गोष्टी मात्र लगेच सांगायच्या, भिडस्तपणा नको. सुई टोचताच विजेसारखी कळ बोटांपर्यंत गेली तर ती मज्जातंतूला लागली आहे. सुई काढायलाच हवी. आणि रक्त लालभडक असेल, नळी ठोक्यासरशी हलत असेल व पिशवी तीन-चार मिनिटांत भरत आली असेल, तर सुई धमनीत गेली असावी. तेव्हाही ती ताबडतोब काढून निदान दहा मिनिटं घट्ट दाबून धरावं लागतं.

भोवळीची चाहूल आधी लागते. जांभया, थंड घाम, मळमळ, चेहरा पांढराफटक. पायावर पाय टाकून मांड्या आणि नितंब पाच सेकंद आवळायचे, सोडायचे, पुन्हा आवळायचे. स्नायू पायात साठलेलं रक्त हृदयाकडे ढकलतात. हे सुई काढतानाही चालू ठेवा, कारण बरेच जण नेमके उठताना कोसळतात. तरुण, सडपातळ आणि पहिल्यांदा देणाऱ्यांना धोका जास्त. पंचविसाव्या खेपेला अजिबात येणार नाही असं मात्र नाही.

सुई निघाल्यावर कोपर दुमडायची सवय सोडा. दुमडलेला हात सरळ केला की शिरेचं तोंड पुन्हा उघडतं आणि दुसऱ्या दिवशी मोठा काळानिळा डाग दिसतो. हात सरळ ठेवून, किंचित उंच धरून, पाच मिनिटं बोटांनी दाबायचं. त्या हाताने दिवसभर जड सामान उचलू नये. डाग पडलाच तर पहिल्या दिवशी थंड शेक द्या. गरम पाण्याची लांबलचक आंघोळ, धूम्रपान आणि खूप वेळ उभं राहणं त्या दिवशी टाळा. दर वेळी एकाच ठिकाणी सुई घेतली की तिथे व्रण तयार होतो. हात आलटून-पालटून द्या.

ज्यांना लोहाची अडचण आहे पण थांबायचं नाही, त्यांच्यासाठी प्लेटलेट किंवा प्लाझ्मा देण्याचा मार्ग आहे. यंत्र तांबड्या पेशी परत देतं, त्यामुळे लोह फारसं जात नाही. वेळ मात्र तास-दीड तास लागतो. गोठण रोखायला वापरलेलं सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून ओठांभोवती मुंग्या येतात. सांगितलं की यंत्राचा वेग कमी करतात किंवा कॅल्शियमची गोळी देतात. प्लेटलेट देण्याआधी दोन-तीन दिवस अ‍ॅस्पिरिन नको, कारण ते पोचलेल्या प्लेटलेट पुन्हा कामाच्या होत नाहीत. डॉक्टरांनी हृदयासाठी दिलेलं असेल तर ते बंद करायचं नाही, प्लेटलेट द्यायच्या नाहीत.

मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन आणि केस गळतीवरचं फिनास्टेराइड बंद केल्यावर साधारण महिना, प्रोस्टेटसाठीचं ड्युटास्टेराइड असेल तर सहा महिने थांबावं लागतं. रक्त गरोदर स्त्रीला चढवलं गेलं तर ही औषधं गर्भाला घातक ठरू शकतात. फॉर्म भरताना अशी औषधं ‘किरकोळ’ म्हणून गाळली जातात. आणि रक्त दिल्यानंतर दोन-चार दिवसांत ताप किंवा जुलाब सुरू झाले तर रक्तपेढीला त्याच दिवशी कळवा. तांबड्या पेशींची पिशवी ३५ ते ४२ दिवस टिकते, पण प्लेटलेट पाचच दिवस. उशिरा कळवलेल्या निरोपाआधी त्या रुग्णाला चढवलेल्याही असतात.