एका एंटरमध्ये दहा दिवसांचं दूध

सांगली जिल्ह्यातल्या एका दूध संस्थेच्या कॉम्प्युटरवरून दहा दिवसांचं सगळं संकलन पुसलं गेलं. ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत मी रुजू झाले तेव्हा तक्रारीसमोर ‘ऑपरेटरची चूक’ असा शेरा मारून ती बंद केलेली होती. स्क्रीन कसे दिसावेत आणि कसे चालावेत हे ठरवणं माझं काम. मला तो शेरा पटेना. रोज दोन्ही वेळा तेच काम करणारा माणूस एके दिवशी अचानक सगळंच कसं पुसेल? म्हणून मी पुण्याहून संस्थेत गेले आणि सकाळच्या संकलनाला ऑपरेटरच्या शेजारी बसले.

सहा वाजता रांग लागली. किटली काट्यावर, नमुना फॅटच्या मशिनमध्ये, सभासदाचा कोड, गाय की म्हैस, एंटर. मग स्क्रीनवर चौकट यायची, ‘खात्री आहे का? होय / नाही’. पुन्हा एंटर, की पावती बाहेर. ऑपरेटरची नजर बहुतेक वेळ काट्यावर आणि समोरच्या माणसावर. स्क्रीनकडे तो फक्त कोड घालताना बघत होता. हात ओले, डावा हात किटलीला आणि उजवा नंबरच्या बटणांवर. ती चौकट त्याच्यासाठी प्रश्न राहिलीच नव्हती, पावती काढायची दुसरी कळ झाली होती.

“मॅडम, ह्ये न वाचताच दाबतोय मी. वाचत बसलो तर रांग रस्त्यावर जाईल की,” तो म्हणाला. लपवायचं काही नव्हतंच. सचिव अण्णा शेजारीच उभे होते. त्यांनीही मान डोलावली.

मग त्या दिवशी काय घडलं ते त्याच्याकडून पुन्हा करून घेतलं, सरावाच्या डेटावर. आदल्या रात्री बिलं काढायच्या आधी त्याने एक ते दहा तारखेची बेरीज तपासली होती. त्यासाठी वरच्या यादीतून ‘संपूर्ण कालावधी’ निवडला होता. सकाळी एका बाईंचं दूध १८१ ऐवजी ११८ कोडवर पडलं. ती एकच नोंद काढायला त्याने ‘हटवा’ दाबलं, चौकट आली, एंटर. पण ‘छापा’ आणि ‘हटवा’ या दोन्ही बटणांना ती वरची एकच यादी लागू होती आणि सोय म्हणून शेवटची निवड तशीच राहत होती. त्यामुळे नोंदीऐवजी कालावधी गेला. चौकटीतला मजकूर दोन्ही वेळा अक्षरशः सारखाच. काय जाणार आहे, किती जाणार आहे, याचा एक शब्द नाही.

यात त्याचा निर्णय कुठेच चुकलेला नव्हता. चुकीच्या कोडची नोंद काढायची, हा निर्णय बरोबरच होता. एकच बटण वेगवेगळ्या अवस्थेत वेगवेगळं काम करतं आणि अवस्था डोळ्यांसमोर नसते, तेव्हा असंच होतं. कट-कॉपी-पेस्ट घडवणाऱ्यांपैकी एक, लॅरी टेस्लर, या अवस्थांविरुद्ध आयुष्यभर बोलत राहिले. अशा अवस्थेला इंग्रजीत ‘मोड’ म्हणतात, आणि त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवरसुद्धा ‘नो मोड्स’ लिहिलेलं होतं. टेस्लरांचं ते म्हणणं मला त्या संकलन केंद्रात पुरतं कळलं.

बॅकअप होता, पण तो नुसता सिंक होता. इथे पुसलं की काही क्षणांत सर्व्हरवरही पुसलेलंच. पेनड्राइव्हवरची प्रत मागच्या महिन्याची. शेवटी अण्णांनी गावात निरोप फिरवला आणि बायका-माणसं पावत्या घेऊन आली. कुणी खिळ्याला टोचलेल्या, कुणी डब्यात ठेवलेल्या, कुणाच्या उन्हात राहून कोऱ्या झालेल्या. थर्मल कागदावरची अक्षरं उडतात हे तिथे फार महागात पडलं. ज्यांच्या पावत्या मिळाल्या नाहीत त्यांचं दूध मागच्या बिलाच्या सरासरीने धरलं. म्हशीच्या दुधात फॅटचा एखादा पॉइंट इकडेतिकडे झाला तरी रक्कम बदलते, आणि पशुखाद्याची उधारी त्याच बिलातून वळती होते. एका आजींनी मला विचारलं, “माजं धा दिसाचं दूध गेलं कुटं, बाई?” त्यांना ‘ऑपरेटरची चूक’ हे उत्तर देणं मला अन्यायाचं वाटलं, त्यांच्यावरही आणि त्या पोरावरही.

पुण्यात परतल्यावर बैठकीत पहिली सूचना आली ती अपेक्षितच होती: आणखी एक चौकट टाकू, लाल रंगाची. मी अमेरिकेतल्या सिटी बँकेचा दाखला दिला. ऑगस्ट २०२० मध्ये तिथे रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या कर्जाचं साधारण ७८ लाख डॉलर व्याज पाठवायचं होतं, गेले जवळपास ९० कोटी. मुद्दल बँकेतच अडवायला तीन रकाने भरायला हवे होते, भरला एकच. तीन जणांनी मंजुरी दिली होती आणि पैसे बँकेबाहेर जातील अशी सूचनाही स्क्रीनवर आली होती. बँकेचं ते फ्लेक्सक्यूब नावाचं सॉफ्टवेअर आपल्याकडच्याच आय-फ्लेक्स या कंपनीने घडवलेलं, म्हणून बैठकीतले दोघंतिघं सरसावून बसले. तीन जोड डोळे आणि एक इशारा पुरला नाही, तिथे पहाटेच्या रांगेत लाल रंग काय करणार?

माझं म्हणणं एवढंच होतं की विचारणं कमी करा आणि परत घेता येऊ द्या. जीमेल पाठवलेलं पत्र काही सेकंद धरून ठेवतं, ‘नक्की पाठवू का’ म्हणून अडवत नाही. प्रोग्रामरची हरकत खरी होती: नोंद पुसण्याऐवजी तिच्यावर नुसती ‘रद्द’ची खूण केली तर प्रत्येक बेरजेत ती वगळायला हवी, आणि एका जागी विसरलो तर रद्द झालेल्या दुधाचेही पैसे जातील. त्याच्यावर बराच वेळ वाद झाला. शेवटी रद्द नोंदी वेगळ्या टेबलात हलवायचं ठरलं. बेरजा आहेत तशाच राहिल्या आणि बिल अंतिम होईपर्यंत नोंद परत आणता येऊ लागली.

आता संकलनाच्या स्क्रीनवर प्रत्येक ओळीसमोर स्वतःचं ‘रद्द’ आहे, त्याला चौकट नाही. ओळ खोडलेली दिसते आणि शेजारी ‘परत घ्या’ येतं. पावतीआधीची चौकटही काढून टाकली. अख्खा कालावधी हटवायचा पर्याय तिथून उचलून सचिवांच्या लॉगिनमध्ये नेला. तिथे किती सभासद, किती लिटर आणि किती रुपये जातायत ते दिसतं, आणि रक्कम स्वतः टाइप केल्याशिवाय बटण चालू होत नाही. वरची यादी प्रत्येक संकलनाच्या सुरुवातीला ‘ही नोंद’वर येते. तक्रारीवरचा शेराही बदलून घेतला. त्यासाठी दोन साहेबांशी बोलावं लागलं.

सभासद काढून टाकायचा स्क्रीन मात्र अजून जुनाच आहे. सभासद वारला की खातं मुलाच्या किंवा सुनेच्या नावावर करतात, तेव्हा जुना कोड हटवला तर मागची बाकी आणि शेअर्सची नोंदही त्याच्याबरोबर जाते. तिथेही तीच ‘खात्री आहे का?’ बसलेली आहे. सध्या मी त्याच्यावर काम करतेय आणि पुढच्या आठवड्यात त्याचा नमुना घेऊन अण्णांकडे जाणार आहे.