तीन बॅटऱ्या, नवा डायनामो आणि जाम होणारी केबल

कराडात ऑटो इलेक्ट्रिकचं काम करणाऱ्याची सुगी पावसाळ्यात असते. हेडलाइट, वायपर, काचेवरची वाफ घालवायला ब्लोअर, सगळं एकदम चालू. उन्हाळा कसाबसा रेटलेल्या गाड्या जुलैत बसतात. ही जुनी कार्ब्युरेटरची व्हॅन त्यातलीच, टेम्पोला दोर बांधून ओढत आणलेली. मालक पहाटे बेकरीतून पाव-खारी उचलून आसपासच्या गावांत टाकतात. म्हणजे अंधारात लाइट चालू, जरा पुढं गेलं की दुकान, गाडी बंद, परत सेल्फ.

"मिस्त्री, वर्षात तिसरी बॅटरी ही. डायनामोसुद्धा नवा टाकलाय. विकून टाकू का आता?"

बॅटरी उतरलेली असताना कुठलंही रीडिंग घेण्यात अर्थ नसतो. ती रात्रभर सावकाश चार्जिंगला लावली, सकाळी काढून दोन तास तशीच ठेवली. 12.7 व्होल्ट. म्हणजे भरली, आणि धरूनही ठेवली. मग सगळं बंद करून निगेटिव्हच्या वाटेत मीटर लावला, रात्री कोण चोरून खातंय ते बघायला. जेमतेम 15 मिलिअँपिअर, टेपच्या मेमरीचे. 50 च्या आत असलं की मी तिकडं बघत नाही. 50 धरले तरी दिवसाला सव्वा अँपिअर-तास, आणि ही बॅटरी 35 ची. एवढ्यानं ती एका रात्रीत झोपत नाही.

गाडी चालू करून बॅटरीवर मीटर धरला. 13.7 व्होल्ट. आधीच्या लोकांनी इथंच मीटर गुंडाळला असणार, कारण आकडा दिसायला चांगला आहे. काहीजण तर मीटरही काढत नाहीत. चालू गाडीचं टर्मिनल उपटतात, गाडी बंद पडली नाही की म्हणतात डायनामो ओके. बॅटरी मध्ये नसली की व्होल्टेज क्षणात कुठल्या कुठं उडी मारतं. जुन्या गाड्यांनी ते सोसलं, पण हीच सवय आताच्या ईसीएमच्या, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर असलेल्या गाड्यांवर चालवली तर एका झटक्यात हजारोंचा चुराडा होतो. माझ्या दुकानात हे कुणाला करू देत नाही.

काका पाव टाकतात त्या अवस्थेत गाडी आणली. हेडलाइट, ब्लोअर, वायपर चालू, अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबलेला. बॅटरीवर 12.65. म्हणजे चार्जिंग नाहीच. आता मीटरच्या दोन्ही पिना थेट अल्टरनेटरवर, म्हणजे सगळे ज्याला डायनामो म्हणतात त्याच्यावर धरल्या, लाल त्याच्या मागच्या जाड बोल्टवर, काळी त्याच्याच बॉडीवर. 14.3!

माल दुकानात तयार आहे, पण गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही. आतला रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज आवरणारा भाग, स्वतःच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज बघतो, त्याच्या हिशेबानं सगळं छान चाललंय. मधले 1.65 व्होल्ट कुठं गेले? पॉझिटिव्हच्या वाटेत मोजले, अल्टरनेटरचा बोल्ट ते बॅटरीचा पॉझिटिव्ह, फक्त 0.15. उरलेले दीड सगळे निगेटिव्हच्या बाजूला.

तेवढ्यात चहा पिता पिता काका म्हणाले, "आणि अ‍ॅक्सिलरेटर केबलचंही बघा. सारखी जाम होते. चोकची पण. मेकॅनिक म्हणतो डुप्लिकेट माल येतोय."

मी कप खाली ठेवला. पोऱ्याला सांगितलं, कॉइलची वायर काढ, म्हणजे इंजिन चालू होणार नाही, आणि सेल्फ मार. सेल्फ रडतखडत फिरत होता, तरी बॅटरीवर 11.4. बॅटरी मेलेली असती तर ती साडेनऊच्या खाली कोसळली असती. सेल्फवर मात्र पोचत होते 7.9. बॅटरीचा निगेटिव्ह ते इंजिन ब्लॉक, 3.3 व्होल्टचा खड्डा. पोऱ्यानं खाली येऊन अ‍ॅक्सिलरेटर केबलला हात लावला आणि झटकन मागं घेतला. "उस्ताद, भाजतीय की!"

बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला जोडलेला, पण इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, बॉडीला त्याचा वीज जाईल असा स्पर्श नसतो. म्हणून बॉडी ते गिअरबॉक्स तांब्याच्या जाळीची जाड अर्थिंगची पट्टी असते. इथं तिचा बोल्ट होता, पट्टी नव्हती. सेल्फला लागणारा करंट परत बॅटरीत यायलाच हवा; मोठा पूल वाहून गेल्यावर गाव साकवावरून जायला लागतं, तसा तो केबलींच्या बारीक पोलादी आवरणातून चालला होता. तिथं तापून आतलं प्लॅस्टिक वितळत होतं, म्हणून केबल जाम. डायनामोचा करंटही त्याच वाटेनं. लाइट बंद असले की करंट कमी, तूट अर्ध्या व्होल्टची, म्हणून ते फसवं 13.7.

"क्लच प्लेट कधी टाकलीत?"

"गेल्या दिवाळीत. का हो?"

क्लच प्लेट टाकायला गिअरबॉक्स उतरवतात, आणि तो उतरवताना पट्टी सोडावीच लागते. परत लावायची राहून गेली, आणि बॅटऱ्या खायला तेव्हापासूनच सुरुवात.

दोन्हीकडचा रंग-गंज पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासला, नवी पट्टी आवळली, वरून पेट्रोलियम जेली. सगळा लोड चालू ठेवून बॅटरीवर 14.1. सेल्फ मारताना मात्र बॅटरीवर 10.6 आलं, आधीपेक्षा कमी. पोऱ्या बुचकळ्यात पडला. त्याला म्हटलं, आत्ता कुठं सेल्फला पोटभर करंट मिळतोय, बॅटरी दबणारच. आवाज ऐक. सेल्फ गरगर फिरत होता.

केबली दोन्ही बदलल्या. घरी पडलेल्या दोन बॅटऱ्या काकांनी दुपारी आणून टाकल्या. एक सावकाश चार्जिंगवर उठली. दुसरीच्या प्लेटा महिनोन्‌महिने अर्धपोटी राहून पांढऱ्या पडलेल्या, तिनं काही धरलं नाही.

"म्हणजे जुना डायनामो चांगला होता?"

"बघितल्याशिवाय कसं सांगू? कुठाय तो?"

"मोडीत दिला."

मग बिलावरून घासाघीस सुरू झाली. एका पट्टीला मजुरी एवढी कशी, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, पट्टीचे पैसे वेगळे लावलेत, हे शोधायचे आहेत. "शोधलं तर मीटरनं," ते म्हणाले, आणि शंभर रुपये कापूनच दिले.