इंटरकॉमवर मोडेम : जुना ४८६ बोलता केला त्याची हकीकत

आधीच सांगून टाकतो. डॉसच्या जमान्यातल्या कॉम्प्युटरमधून नुसत्या फाइली काढायच्या असतील तर या वाटेला जाऊ नका. हार्ड डिस्क काढा, यूएसबीचा अडाप्टर लावा, कॉपी करा आणि चहा प्या. मीही डिस्कची एक प्रत तशीच काढून ठेवली आणि मगच हा उद्योग सुरू केला. मला फाइली नको होत्या, तो कॉम्प्युटर स्वतःच्या मोडेममधून, म्हणजे फोनच्या तारेवरून डेटा पाठवणाऱ्या डब्यातून, बोलायला हवा होता.

कॉम्प्युटर अण्णांचा. सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत, तिचा हिशेब यावर चाले. प्रोसेसर ४८६ डीएक्स२, ६६ मेगाहर्ट्झ, ८ एमबी रॅम, डॉस ६.२२ आणि वर विंडोज ३.११. वापर थांबल्यावर तो घराच्या माळ्यावर गेला, म्हणून २००५ आणि २०१९ च्या महापुरांतून वाचला. सोबत बाहेरून जोडायचा ३३.६ चा, म्हणजे सेकंदाला ३३,६०० बिटचा, मोडेम होता. अण्णांनी तो घेतला तेव्हा इंटरनेटसाठी सांगलीतून पुण्याला एसटीडी लावावी लागे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सर्वांना खुलं केलं ते आधी चार महानगरांत. आमच्यासारख्यांनी घड्याळाकडे बघत ट्रंक लाइनवरून जायचं. "रात्री अकरानंतर लावायचो," अण्णा सांगतात, "पाव दर असायचा. तरी बिल बघून तुझी आई दोन दिवस बोलायची नाही."

आता फोन लावायला समोर नंबरच नाही, आणि आमची लँडलाइनही केव्हाच बंद झालेली. पण घर आणि मागचं गोडाऊन यांच्यात जुना इंटरकॉम अजून चालू होता. त्याच्या एक्स्टेंशनला लाइनचा करंट असतो, डायल टोन असतो, बेल वाजते. मोडेमला एवढंच लागतं. माळ्यावरचा मोडेम एक्स्टेंशन २२ वर, आणि भंगारातून मिळालेला दुसरा मोडेम गोडाऊनमध्ये २४ वर, यूएसबी-सिरियल अडाप्टरने लिनक्सच्या लॅपटॉपला जोडलेला. असा बेत ठरला.

कॉम्प्युटर उठवण्याचं लांबवत नाही. बोर्डावरची पिंपासारखी बॅटरी गळून हिरवी झाली होती. ती कापून काढली, व्हिनेगरने जागा साफ केली, बाहेरच्या बॅटरीसाठी असलेल्या चार पिनांवर सेलचा डबा जोडला, सेटअपमध्ये डिस्कचे आकडे पुन्हा भरले. फ्लॉपी ड्राइव्ह मात्र गेला तो गेलाच. ही गोष्ट पुढे महागात पडली.

मोडेमला वीज देताना खालचं लेबल वाचा. माझ्या मोडेमला ९ व्होल्ट लागतात, पण एसी. हल्ली दुकानात ९ व्होल्ट म्हटलं की डीसीचाच अडाप्टर हातात देतात. एसी आउटपुटचा मुद्दाम मागून घ्यावा लागतो.

मग केबल. कॉम्प्युटरच्या मागे २५ पिनांची दोन सॉकेटं असतात. भोकांचं ते प्रिंटरचं, सुयांचं ते सिरियल, मोडेम याला लागतो. गणपती पेठेतल्या एका दुकानातून केबल आणली, जोडली, मोडेमचे दिवेही लागले, पण पुढे ढिम्म हालचाल नाही. मल्टिमीटरने तपासलं तर आत तीनच तारा : पाठवायची, घ्यायची आणि ग्राउंड. परत घेऊन गेलो तर दुकानदार म्हणाले, "मालक, वजनकाट्याला आम्ही हीच देतोय की. कुणाची तक्रार नाही." त्यांचंही खरंच होतं. वजनकाटा फक्त आकडा पाठवतो, त्याला तीन तारा पुरतात. मोडेमला मात्र "थांब, माझं पोट भरलंय" आणि "आता पाठव" हे सांगायला आरटीएस आणि सीटीएस अशा दोन वेगळ्या तारा लागतात. शिवाय कॅरियर मिळाला की नाही हे कळवणारी एक आणि कॉम्प्युटर तयार आहे हे कळवणारी एक. शेवटी सगळ्या पिना जोडलेली केबल बसून बनवून घेतली.

डॉससोबत एमएसडी नावाचा तपासणी प्रोग्रॅम येतो, तो चालवला. सिरियल पोर्टांना डॉस कॉम१, कॉम२ म्हणतं. कॉम१ वर माउस दिसला, कॉम२ गायब. कार्डावरच्या जंपरने दुसरा पोर्ट बंद केलेला होता. जंपर हलवल्यावर दिसू लागला. कॉम१ ची इंटरप्ट (प्रोसेसरला हाक मारायची तार) ४, कॉम२ ची ३, त्यामुळे भांडण नाही. कॉम३ पुन्हा ४ वर आणि कॉम४ पुन्हा ३ वर येतं. म्हणूनच त्या काळात आत बसवायचा मोडेम कॉम३ वर टाकला की माउस गोठायचा. बाहेरच्या मोडेमचं हे एक सुख. एमएसडीने आणखी एक कडू बातमी दिली : पोर्टची चिप ८२५० जातीची. १६५५० चिपमध्ये १६ बाइटची रांग असते. कॉम्प्युटर थोडा उशिरा आला तरी अक्षरं थांबून राहतात. या जुन्या चिपमध्ये जागा एकाच अक्षराची. ते उचलायच्या आत दुसरं आलं की पहिलं गेलं.

आता मुख्य गोष्ट. संपर्काचं कुठलंही सॉफ्टवेअर बसवण्याआधी मोडेमशी स्वतः बोलायचं. विंडोज ३.११ च्या ॲक्सेसरीजमध्ये टर्मिनल असतं. त्यात कॉम२, वेग ९६००, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट असं ठेवलं आणि टाइप केलं : एटी (मोडेमची प्रत्येक कमांड या अक्षरांनी सुरू होते), एंटर. खाली उत्तर आलं, ओके. ही दोन अक्षरं दिसली म्हणजे पोर्ट, केबल, वीज आणि मोडेम चारही ठीक. ती दिसत नसतील तर सॉफ्टवेअरच्या मेनूत तास घालवण्यात काही अर्थ नाही.

मग एटीडीटी२४ असा नंबर फिरवला. मोडेमने लाइन उचलली, इंटरकॉमची टोन स्पीकरमधून स्वच्छ ऐकू आली, आणि स्क्रीनवर उत्तर : नो डायल टोन. माझ्या कानाला येतेय आणि याला येत नाही! कारण जुनंच आहे. हे मोडेम अमेरिकी टोन ओळखायला शिकलेले असतात, ३५० आणि ४४० हर्ट्झची जोडी. आपल्याकडची डायल टोन ४०० हर्ट्झची, थरथरणारी, आणि छोट्या इंटरकॉमची तर आणखी तिसरीच. तेव्हाही आपल्याकडे हेच व्हायचं. विंडोज ९५ मध्ये "डायल करण्यापूर्वी टोनची वाट पाहा" या चौकटीतली खूण काढायला लोक एकमेकांना सांगत. एटी कमांडमध्ये तिचं उत्तर एटीएक्स३ : टोनची वाट न बघता नंबर फिरव, पण लाइन बिझी असेल तर सांग. ते दिलं आणि गोडाऊनमधली बेल वाजली. पुतण्या तिकडे लॅपटॉपपाशी बसला होता. तो खालूनच ओरडला, "काका, वाजतंय, पण उचलत नाही हे!"

लिनक्सवर मिनिकॉम हे टर्मिनलसारखं सॉफ्टवेअर बसवलं होतं. आधी वापरकर्त्याला "डायलआउट" नावाच्या गटात घालावं लागतं, नाहीतर पोर्टला हात लावू देत नाही. (आजच्या लिनक्समध्ये हे नाव जिवंत आहे याची मला फार मजा वाटली.) बेल वाजली की आपोआप उचलायला मोडेमला एस०=१ द्यायचं; ते देऊन साठवलंही होतं. पण मिनिकॉम सुरू होताना स्वतःची तयार कमांड पाठवतं आणि तिच्यात एस०=० असतं. म्हणजे आपण सांगितलेलं ते येता येता पुसतं. मिनिकॉम सुरू करताना ओ हा पर्याय दिला की ते ही कमांड पाठवत नाही. तोवर पुतण्याला सांगितलं, "बेल वाजली की एटीए, म्हणजे 'उचल', टाइप कर."

आणि मग तो आवाज आला. आधी पलीकडच्या मोडेमची २१०० हर्ट्झची लांब शीळ, जिच्यात ठरावीक अंतराने बारीक उचकी बसते. टेलिफोनच्या जाळ्यातली प्रतिध्वनी मारणारी यंत्रं बंद करण्यासाठी ती असते. पुढे दोघांची कुजबुज, कोणती पद्धत येते याची चौकशी. मग वेगवेगळ्या स्वरांची सरमिसळ, लाइन कुठपर्यंत चांगली आहे हे जोखण्यासाठी. शेवटी एकसारखा खरखराट आणि एकदम शांतता, कारण जुळल्यावर मोडेम स्पीकर बंद करतो. अण्णा जिन्याच्या खाली येऊन उभे राहिले होते. म्हणाले, "लागला."

वेग मिळाला २८,८००. पुतण्याचा प्रश्न, दोन्ही बाजूंना ५६के मोडेम लावले तर? तरी ३३.६ च्या वर जाणार नाही. १९९८ च्या व्ही.९० या मोडेमच्या मानकातला ५६ चा वेग एकाच दिशेने, आणि तोही पलीकडे इंटरनेट कंपनी थेट डिजिटल लाइनवर बसली असेल तरच. दोन साधे मोडेम समोरासमोर आले की गाडी तिथेच थांबते.

खरं काम टेलिक्स या डॉसवरच्या संपर्काच्या सॉफ्टवेअरचं होतं. फाइल पाठवायच्या पद्धतींपैकी टर्मिनलला झेडमोडेम येत नाही, एक्समोडेम आणि कर्मिट एवढंच; वेगही १९,२०० च्या पुढे नाही. आणि फ्लॉपी मेलेली, मग टेलिक्स आत न्यायचं कसं? टर्मिनलमधूनच. लॅपटॉपवरून एक्समोडेमने पाठवलं. हा १९७७ चा वॉर्ड क्रिस्टेन्सन यांचा प्रोटोकॉल १२८ बाइट पाठवतो, थांबतो, पोच आली की पुढचे पाठवतो. आमच्या दिवाणजींची रीत. चूक नाही, पण घाईही नाही. मोडेम आपापसांत चुका तपासत असल्याने प्रत्येक पोच आणखी रेंगाळते. १९,२०० वर जुन्या चिपने अक्षरं गाळली, म्हणून ९६०० वर उतरलो आणि जेवायला गेलो. आल्यावर फाइल पूर्ण.

टेलिक्स डॉसमध्ये उघडलं, नंबर फिरवला, आणि पुन्हा नो डायल टोन. इथेही तीच खोड. टेलिक्सच्या तयार कमांडच्या शेवटी एक्स४ होतं, म्हणजे टोनची वाट पाहा. ते एक्स३ केलं, सोबत हार्डवेअर फ्लो कंट्रोल (आरटीएस-सीटीएसची ती थांब-पाठव) चालू. ही तयार ओळ कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये असतेच आणि ती तुमच्यानंतर बोलते, म्हणून तिचं मत शेवटचं ठरतं. सॉफ्टवेअर "मोडेम सापडला" म्हणालं तरी ही ओळ उघडून वाचाच. मोडेममध्ये काय साठवलंय याला त्यानंतर काही किंमत नसते.

डॉसमध्ये एका वेळी एकच काम चालत असल्याने ८२५० वरही ३८,४०० चा वेग टिकला, फक्त स्मार्टड्राइव्ह हा डॉसचा डिस्क कॅश काढून टाकल्यावर. डिस्कवर लिहायला ते मधेच हात घालायचं आणि तेवढ्यात अक्षरं जायची. पेज अप दाबून झेडमोडेमने हिशेबाच्या डीबीएफ फाइली पाठवल्या. त्यांच्यात रिकाम्या जागाच फार, त्यामुळे मोडेमच्या व्ही.४२बीस दाबणीचा (डेटा लहान करून पाठवण्याचा) चांगला फायदा झाला आणि २८,८०० च्या लाइनवरूनही पोर्ट जवळजवळ भरून वाहत होता. मधेच कुणीतरी इंटरकॉमचा रिसीव्हर उचलला आणि नो कॅरियर आलं. झेडमोडेमची खासियत इथे कळते : पुन्हा जोडल्यावर फाइल जिथे तुटली तिथूनच पुढे सुरू झाली.

फाइली लिबरऑफिसमध्ये उघडल्या. अण्णा चष्मा लावून राजापुरी हळदीची पट्टी वाचत बसले आणि मला बाजूला सारून म्हणाले, "पुढचं पान कुठं येतंय?"

वळवाचा पाऊस सुरू होईल तेव्हा मोडेमची तार भिंतीतून काढून ठेवणार आहे. विजेने मोडेम जळण्याचे किस्से इथे प्रत्येकाकडे आहेत. टेलिक्सची दुरुस्त केलेली ओळ कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे. १६५५० चिपचं आयएसए कार्ड मात्र अजून शोधतोय. कोल्हापूर किंवा पुण्यात कुणाच्या भंगारात असेल तर कळवा.